चाळिशी ओलांडलेल्या विमानाचे पार्ट

मी वैमानिक नाही आणि इंजिनिअरही नाही. बी.कॉम. झाले आणि इंदूरच्या विमानतळावर, बिजासन टेकडीच्या बाजूला असलेल्या एका फ्लाइंग ट्रेनिंग संस्थेच्या स्टोअरला लागले. रॅक, बिन कार्डं, कुलूपबंद क्वारंटाइन कपाट आणि पार्ट नंबरांची कधीच न संपणारी यादी एवढा माझा कारभार. आमच्याकडची शिकाऊ विमानं म्हणजे सेसना 152 आणि 172. त्यातल्या 152 चं उत्पादन 1977 मध्ये सुरू झालं आणि 1985 मध्ये थांबलं. म्हणजे आमचं सगळ्यात तरुण 152 सुद्धा, त्यावर सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, करणाऱ्या मुलांच्या आईवडिलांच्या वयाचं आहे.

रामबागेत आमच्या घरी कोणी आलं की हटकून विचारतात, "कंपनी बंद पडली असेल ना गं त्यांची?" कंपनी बंद पडलेली नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यात विचिटा शहरात ती आहे, आज टेक्स्ट्रॉन एव्हिएशन या नावाने, आणि 150 व 152 या मॉडेलांचं टाइप सर्टिफिकेट, म्हणजे डिझाइनची सरकारी मंजुरी, तिच्याच नावावर आहे. जुन्या विमानाला वाली असणं ही लहान गोष्ट नाही. मॅन्युअलमधल्या सुधारणा, सर्व्हिस बुलेटिनं, म्हाताऱ्या विमानांसाठीच्या पूरक तपासण्यांचे कागद हे सगळं तिकडून येत राहतं. पण कंपनी असली म्हणजे पार्ट असेलच असं नाही. हे मला पहिल्यांदा नीट कळलं ते सीट रेलच्या वेळी.

152 मध्ये पायलटची सीट विमानाच्या फ्लोअरवर रिव्हेट केलेल्या दोन ॲल्युमिनियमच्या रुळांवर पुढेमागे सरकते. रुळाला ओळीने भोकं असतात आणि सीटची पिन त्यातल्या एकात बसते. रोज वेगवेगळ्या उंचीची मुलं येतात, सीट पुढे ओढतात, मागे ढकलतात. वर्षानुवर्षं पिन घासून भोकं लांबट होतात. मग एखाद्या टेक-ऑफला नाक वर उचललं की पिन निसटते आणि सीट सुळकन मागे जाते. पायलटच्या हातात योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, असतं, तो ते धरूनच मागे जातो, म्हणजे योक ओढलं जातं आणि नाक आणखी वर जातं. असे अपघात पूर्वी झालेले आहेत. म्हणूनच अमेरिकेच्या एफएएचा, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाचा, एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (सक्तीचा सुरक्षा आदेश) आहे, सध्याचा 2011 चा, आणि त्याप्रमाणे रुळाची, पिनची, रोलरची पुन्हापुन्हा तपासणी करावी लागते. विमान ज्या देशात डिझाइन झालं तिथला असा आदेश आपल्या डीजीसीएकडेही पाळावाच लागतो.

हंड्रेड अवर इन्स्पेक्शनला, म्हणजे दर शंभर उड्डाण-तासांच्या तपासणीला, काकांनी आरसा आणि टॉर्च घेऊन पायलटच्या बाजूचा रूळ बघितला, गेज लावला आणि मला हाक मारली. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक. सर म्हणजे आमचे लायसनवाले इंजिनिअर. लायसन सरांचं, डोळा काकांचा, असं हँगरमध्ये म्हणतात. "हा गेला," काका म्हणाले. "शोध आता."

शोध सुरू होतो आयपीसीपासून, म्हणजे सचित्र पार्ट कॅटलॉगपासून. सेसनाच्या 150-152 च्या खास पार्टचे नंबर 04 ने सुरू होतात, 172 चे 05 ने. एवढ्यावरून मला पुष्कळ अंदाज येतो. 152 च्या चित्रात 05 ने सुरू होणारा नंबर दिसला की मी खूश होते, कारण 172 आजही बनतं. 04 दिसला की कपाळावर आठी. सीट रेलच्या पानावर एकाच चित्राखाली चार-पाच नंबर असतात: आतला रूळ, बाहेरचा रूळ, डावा, उजवा, आणि प्रत्येकापुढे विमानाच्या अनुक्रमांकाची मर्यादा. अमुक अनुक्रमांकापर्यंत हा, पुढे तो. त्यात पुन्हा काही नंबर बदललेले, जुन्याच्या जागी नवा आलेला. डेटा प्लेटवरचा अनुक्रमांक स्वतः जाऊन वाचल्याशिवाय मी चौकशी पाठवत नाही, मग फाइलमध्ये तो दहा वेळा लिहिलेला का असेना.

डीलरला लिहिलं. उत्तर आलं: एक रूळ मिळेल, दुसरा ऑर्डरवर बनेल, तारीख सांगता येत नाही. शेजारी किंमत होती. ती वाचून अकाउंट्समधले भाऊ म्हणाले, "भिया, ये पटरी है कि पूरी रेलगाडी?"

या उत्तरामागची गोष्ट मला सरांनी सांगितली आणि नंतर मी स्वतःही वाचली. 1980 च्या दशकात अमेरिकेत छोट्या विमानांच्या कारखान्यांवर नुकसानभरपाईचे दावे इतके वाढले, विम्याचा खर्च इतका चढला, की सेसनाने 1986 मध्ये पिस्टन इंजिनाची छोटी विमानं बनवणंच बंद केलं. 1994 मध्ये तिथे एक कायदा झाला. विमान 18 वर्षांपेक्षा जुनं असेल तर काही अपवाद सोडून कारखान्यावर दावा चालत नाही. त्यानंतर 1996 मध्ये कॅन्ससमधल्याच इंडिपेंडन्स गावात नव्या कारखान्यात 172 पुन्हा सुरू झालं. 152 मात्र परत आलं नाही. आणि त्या कायद्यात एक बारीक कलम आहे: जुन्या विमानात नवा पार्ट बसवला तर त्या पार्टापुरती 18 वर्षं बसवल्या दिवसापासून नव्याने मोजायची. आता तुम्हीच विचार करा. चाळीस वर्षांपूर्वी बंद केलेल्या मॉडेलसाठी साचे बाहेर काढा, मोजके नग बनवा, आणि त्या प्रत्येक नगाची जबाबदारी पुढची 18 वर्षं अंगावर घ्या. कारखान्याच्या जागी मी असते तरी किंमत चढीच लावली असती. हे माझं मत, कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही.

तेव्हापासून मी प्रश्नच बदलला. "सेसना हा पार्ट देते का?" असं न विचारता "हा पार्ट मुळात बनवला कोणी?" असं विचारते. कारण 152 म्हणजे काही सगळं सेसनाने घडवलेलं नाही. इंजिन लायकमिंगचं, ओ-235, आणि ती कंपनी त्याचे पार्ट आजही बनवते. मॅग्नेटो स्लिकचे. प्रॉपेलर मॅककॉलीचा. चाकं आणि ब्रेक बहुतेक क्लीव्हलँडचे. टायर 6.00-6 आणि पुढचा 5.00-5, जे जगातली निम्मी छोटी विमानं वापरतात. नटबोल्ट एएन आणि एमएस स्टँडर्डचे, म्हणजे ते कोणाच्या मालकीचेच नाहीत. एएन-3 म्हणजे एक इंचाचे तीन सोळांश जाडीचा बोल्ट, एएन-4 म्हणजे चार सोळांश. हे सगळं बाजूला काढलं की जे उरतं ते खरं सेसनाचं: पत्रा, दारं, बिजागऱ्या, फ्लॅपचे रूळ, सीट, नोज गिअरचा फोर्क, आतलं प्लास्टिक. अडतं ते इथेच. लोक इंजिनाची काळजी करतात. माझ्या मते इंजिन ही जुन्या विमानातली सगळ्यात निश्चिंत वस्तू आहे. विमान जमिनीवर बसवतं ते दाराचं हँडल.

सीट रेलला सुदैवाने दुसरी वाट होती. तिला पीएमए म्हणतात. मूळ कारखाना सोडून दुसऱ्या कंपनीने एफएएला आकडेमोड, धातूचा दर्जा, चाचण्या दाखवून तोच पार्ट बनवण्याची मंजुरी घ्यायची. कॅन्ससमधल्याच बाल्डविन सिटीत मॅकफार्लेन नावाची कंपनी आहे, ती सेसनाच्या सीट रेल, कंट्रोल केबल, बिजागऱ्या अशा झिजणाऱ्या वस्तू पीएमएवर बनवते. सुरुवातीला मला वाटलं, हे म्हणजे डुप्लिकेट. सरांनी समजावलं, डुप्लिकेट म्हणजे मंजुरी नसलेला. पीएमए पार्टवर बनवणाऱ्याचं नाव, नंबर आणि पीएमएची खूण असते, आणि तो कोणकोणत्या मॉडेलला चालतो याची यादी मंजुरीच्या कागदात असते. त्या यादीत 152 आहे ना, एवढं बघायचं आणि प्रिंट काढून फाइलला लावायचं. आमचे सीट रेल तिकडचेच मागवले.

मागवताना ऑर्डरमध्ये एक ओळ मी ठळक लिहिते: सोबत एफएएचा 8130-3 फॉर्म, म्हणजे पार्ट मंजूर असल्याचा अधिकृत दाखला, हवा. ही ओळ राहिली तर अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला जातो तसा पार्ट नुसत्या पॅकिंग स्लिपवर येतो. तिकडे त्यांना ते चालतं, आम्हाला चालत नाही. आमच्या स्टोअरमध्ये आत यायचं तर 8130-3, युरोपचा ईएएसए फॉर्म वन किंवा आपला सीए फॉर्म वन पाहिजे. फक्त स्टँडर्ड नटबोल्टांना अनुरूपतेचा दाखला पुरतो आणि पत्र्याला धातूच्या चाचणीचा रिपोर्ट. 8130-3 साठी विकणारे वेगळे पैसे लावतात, ते निमूटपणे द्यायचे.

पार्सल मुंबईला उतरलं. पूर्वी कस्टममध्ये रडारड असायची ती वर्गीकरणावरून. विमानाचा पार्ट म्हणून गेला तर एक दर, बोल्ट किंवा रबर म्हणून गेला तर दुसरा, आणि सीएचए, म्हणजे आमचं कस्टमचं काम करणारा एजंट, प्रत्येक वेळी कागद मागायचा की हा बोल्ट विमानाचाच आहे कशावरून. 15 जुलै 2024 पासून विमानाच्या सुट्या भागांवर, ते कुठल्याही शीर्षकाखाली येवोत, आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) सरसकट 5 टक्के झाला, अटी पूर्ण केल्या तर. माझ्या कामातला खरा आराम या एका बदलाने झाला. तरी कॅटलॉगचं पान, विमानाचं नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची मंजुरी असा गठ्ठा मी पार्सल निघायच्या आधीच सीएचएला पाठवून ठेवते. मग तो फोन करत नाही, आणि सीएचएचा फोन न येणं यासारखं सुख नाही.

पेटी इंदूरला आली की थेट क्वारंटाइन कपाटात. सर फॉर्मवरचा नंबर, पार्टवरचा नंबर आणि ऑर्डरवरचा नंबर असे तिन्ही जुळवतात, वाहतुकीत वाकलाय का बघतात, मग हिरवा टॅग लागतो आणि पार्ट बॉन्डेड स्टोअरला, म्हणजे मंजूर मालाच्या कुलूपबंद स्टोअरला, येतो. बसवण्याचं सांगण्यासारखं फारसं नाही. काकांनी जुने रिव्हेट ड्रिलने काढले, खालचा पत्रा तपासला, गंज नव्हता, नवे रूळ बसले. मुलं दुसऱ्या दिवशी त्यावर बसून उडाली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. सीट आता खट्कन बसते एवढं मात्र एक कॅडेट म्हणाली.

फ्युएल सेंडरची कथा जास्त गुंतागुंतीची. 152 च्या दोन्ही पंखांत टाकी असते आणि प्रत्येकीत एक फ्लोट, तो वरखाली झाला की गेजचा काटा हलतो. डाव्या टाकीचा सेंडर मध्येच शून्य दाखवायला लागला. पीएमए सापडला नाही, नव्याला तारीख नव्हती. मग जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांकडे वळलो. या बाजारात वस्तूच्या अवस्थेला दोन-दोन अक्षरी नावं आहेत: एनई म्हणजे नवा, एनएस म्हणजे नवा पण शिल्लक साठ्यातला, ओएच म्हणजे ओव्हरहॉल केलेला, एसव्ही म्हणजे चालू स्थितीतला, आणि एआर म्हणजे काढला तसा. एआर लिहिलं असेल तर तो चालतो की नाही हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

एका व्यापाऱ्याने एनएस म्हणून कोटेशन दिलं आणि 8130-3 देऊ असंही लिहिलं. आला तेव्हा पार्ट चकचकीत, डबा जुना, आणि आत फक्त व्यापाऱ्याच्या स्वतःच्या लेटरहेडवरचा दाखला. कुठून आला, कोणाकडे होता, काही नाही. काका हातात घेऊन म्हणाले, "वस्तू शंभर टक्के खरी आहे." सर म्हणाले, "असेल. पण खरी आहे हे लिहून कोण देतंय?" पार्ट क्वारंटाइनला गेला आणि पत्रव्यवहार सुरू झाला. शेवटी पैसे बरेचसे परत आले, पाठवणी-वळवणीचा खर्च आमच्या माथी.

मग एक्सचेंजचा रस्ता धरला. दुरुस्ती केंद्र तुम्हाला त्यांच्याकडचा ओव्हरहॉल केलेला सेंडर पाठवतं, तुम्ही तुमचा बिघडलेला त्यांना परत पाठवायचा. त्या बिघडलेल्याला कोअर म्हणतात आणि तो येईपर्यंत कोअर चार्ज अनामत म्हणून अडकून राहतो. मुदतीत नाही गेला तर अनामत बुडाली. दुरुस्ती केंद्र आम्हाला चालणारं आहे का, हे सरांनी आधी बघितलं. आणि फॉर्म आल्यावर एक गोष्ट मला दाखवली, जी मी आता प्रत्येक नव्या मुलाला दाखवते. 8130-3 एकच कागद आहे, पण नव्या पार्टची सही डाव्या रकान्यात असते आणि दुरुस्त केलेल्याची उजव्या. ओव्हरहॉलचा पार्ट आणि सही डावीकडे असं दिसलं तर तिथेच थांबायचं.

आमच्याकडे फिरकी घेणारे बरेच. "सियागंजात जा ना, बेअरिंग त्याच नंबरचं मिळतं," असं एक ड्रायव्हर मला दर वेळी सांगतो. खोटं नाही. चाकातल्या बेअरिंगवर जो नंबर असतो तो तिथल्या दुकानदारालाही तोंडपाठ असतो. माझे बाबा हुकुमचंद मिलच्या स्टोअरमध्ये होते, 1991 मध्ये मिल बंद पडेपर्यंत. लूमचा दात तुटला की ते नमुना घेऊन खराद्याकडे जायचे आणि संध्याकाळपर्यंत लूम चालू. मी त्यांना आमची पद्धत सांगितली तर हसले. "म्हणजे तुमच्याकडे लोखंडापेक्षा कागद जड!" तसंच आहे. अर्थात आम्हालाही थोडी मोकळीक असते. सीएआर-145, म्हणजे दुरुस्ती संस्थांसाठीच्या डीजीसीएच्या नियमांप्रमाणे मंजुरी असलेली संस्था, मंजूर ड्रॉइंग आणि साहित्याच्या दाखल्यासह, आपल्याच कामापुरते काही साधे भाग स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बनवू शकते. पॅच, ब्रॅकेट, असं काही. मात्र बनवून विकता येत नाही आणि नमुन्यावरून अंदाजाने बनवता तर मुळीच येत नाही.

कधी कधी कारखाना स्वतःच किट काढतो. 150 आणि 152 चं रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, त्याला अडवणारा स्टॉप ओलांडून अडकू शकतं हे लक्षात आल्यावर 2009 मध्ये एफएएचा आदेश आला. त्यात दोन पर्याय होते, एकतर नवा स्टॉप बसवा, नाहीतर स्पिन (गिरक्या घेत खाली येणं) आणि इतर कसरती करायला मनाई अशी पट्टी लावा. स्पिन शिकवायचा असल्यामुळे आम्हाला पट्टीचा उपयोग नव्हता. आदेश आणि किट जोडीने असतात तेव्हा स्टोअरवाल्याचं काम सोपं असतं; नंबर कागदातच लिहिलेला.

आणि जेव्हा कुठलाच रस्ता नसतो तेव्हा "ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर". मोठ्या तपासणीसाठी उघडून ठेवलेल्या विमानाचा चांगला पार्ट काढायचा आणि उडणाऱ्याला लावायचा. नियमात बसतं, पण दोन्ही लॉगबुकांत नोंद, किती तासांचा पार्ट, का काढला, कोणी तपासला, टॅगवर सही, सगळं लागतं. मला हा प्रकार आवडत नाही. एक कमतरता मिटते, दुसरी तयार होते, आणि उघडं विमान महिनोन्‌महिने उघडंच राहतं. काकांना त्याचं काही वाटत नाही. ते तरुणपणी पुष्पकवर शिकले. एचएएलने बंगळूरला बनवलेलं, 1958 मध्ये पहिल्यांदा उडालेलं, दोन सीटचं कापडी विमान, देशभरच्या फ्लाइंग क्लबांना दिलेलं. मी विचारलं, "त्याचे पार्ट कुठून आणायचात?" म्हणाले, "पुष्पकचा पार्ट म्हणजे दुसरं पुष्पक."

आता माझ्याकडे एक स्वतःची वही आहे. एका बाजूला 04 चे नंबर, दुसऱ्या बाजूला तो खरा कोण बनवतो, पीएमए आहे का, 172 शी सारखा आहे का, शेवटचा कधी आणि कितीला मिळाला. डीलरचा कॅटलॉग मला हे सांगत नाही. पावसाळ्यात उड्डाणं कमी होतात तेव्हा मी झिजण्याच्या बेतात असलेल्या वस्तूंच्या चौकशा आधीच पाठवून ठेवते, कारण कोटेशनची मुदत संपली तरी निदान कोणाकडे आहे ते कळतं.

सध्या टेबलावर दाराच्या लॅचचा एक भाग आहे. 04 चाच. उत्तर आलंय की बनवून देऊ, पण किमान पाच नग घ्यावे लागतील. आम्हाला एक हवाय, फार तर दोन. सरांच्या परवानगीने मी दुसऱ्या राज्यांतल्या 152 वाल्या संस्थांच्या स्टोअरना फोन लावतेय. एकाने एक नग घेतो म्हटलंय, पैसे आगाऊ द्यायलाही तयार आहे. दोन नगांना गिऱ्हाईक अजून हवंय.